समोरासमोर दोन वृंद

१६६३ साली जुन्या गोव्यात, बॉम जेझूच्या चर्चमध्ये, संत इग्नेशियसचा सण मोठ्या थाटात झाला. त्या सोहळ्याला जुझेप्पे दि सांता मारिया नावाचा एक इटालियन कार्मेलाइट बिशप हजर होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतली होती आणि युरोपीय मिशनऱ्यांना तिथून निघायला लावलं होतं. त्यांतलाच हा एक. चर्चमध्ये एक नव्हे, सात वृंद गात होते आणि जोडीला वाद्यं होती. ऐकता ऐकता बिशपला आपण रोममध्येच आहोत असं वाटलं आणि त्यानं ते बोलूनही दाखवलं. तेव्हा त्याला सांगण्यात आलं, की वाटलं त्यात काही वावगं नाही. रचना रोमच्या नामांकित कारिस्सिमीचीच आहे, इकडे मागवून घेतलेली. गाणारे मात्र इथले होते, ज्यांना पोर्तुगीज ‘कनारीं’ म्हणत ते गोव्याचे रहिवासी. हे अवघड संगीत ते ज्या सहजतेनं पेलत होते, ते ऐकून बिशप थक्क झाला. १६७२ साली रोममध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यानं हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

युरोपातल्या जोडवृंदांच्या धर्मसंगीतावर मराठीत लिहायला बसल्यावर सुरुवात व्हेनिसपासून करायची, हा रिवाज मोडायला एवढी एक नोंद पुरेशी आहे. आपल्याला हे संगीत परकं वाटतं, कारण ते फक्त ध्वनिमुद्रणांतून आपल्यापर्यंत येतं अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात शिवाजी महाराजांनी शाइस्तेखानावर छापा घातला त्या साली ते सावंतवाडीपासून फार तर दोन दिवसांच्या वाटेवर गायलं जात होतं, आणि गाणाऱ्यांच्या घरची बोली कोकणी होती.

सात वृंद ही चैन झाली. या पद्धतीचा पाया दोन वृंदांचा. प्रत्येक वृंदात साधारण चार पट्ट्यांचे आवाज असतात: वरचा सोप्रानो, त्याखाली आल्टो, मग टेनर आणि तळाशी खर्जातला बास. त्या काळी चर्चमध्ये बायकांना गायला परवानगी नसे, म्हणून वरचे आवाज मुलगे किंवा चढ्या कृत्रिम स्वरात गाणारे पुरुष सांभाळत. असे दोन वृंद म्हणजे आठ वेगळ्या स्वररेषा. दोन्ही वृंद एकमेकांपासून अंतर राखून उभे राहतात. एक वृंद ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो, परतवतो, कधी मध्येच तोडतो. आणि मोक्याच्या जागी आठही आवाज एकदम उसळतात. सगळं आधी लिहिलेलं असतं. आयत्या वेळी सुचलेलं यात फार थोडं, आणि मुख्य गायक असा कुणीच नाही.

या मांडणीचं मूळ स्तोत्रपठणात आहे. मठांमध्ये बायबलमधली स्तोत्रं म्हणताना साधू दोन रांगांत समोरासमोर बसत; एक कडवं या रांगेनं म्हणायचं, पुढचं त्या रांगेनं. दिंडीत किंवा कीर्तनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा अभंगाचे चरण एकमेकांकडून घेतात, ते ज्यानं पाहिलं आहे त्याला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको. त्यामागची गरजही सारखीच आहे: लांब मजकूर, सामुदायिक पठण, आणि दम घ्यायला हक्काची जागा. फरक पुढे पडला. सोळाव्या शतकातल्या इटलीत या आलटून-पालटून म्हणण्याला रचनाकारांनी हात घातला आणि दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेचाही हिशेब मांडायला सुरुवात केली.

पादुआ, त्रेव्हिझो, बेर्गामो या उत्तर इटलीतल्या गावांत असे प्रयोग आधीच चालू होते. व्हेनिसचं नाव पुढे आलं ते आद्रियान विलार्टमुळे. हा मूळचा फ्लँडर्सकडचा. १५२७ मध्ये तो सान मार्कोच्या बॅसिलिकेचा संगीतप्रमुख झाला आणि १५६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या जागेवर राहिला. १५५० साली त्याची जोडवृंदांसाठी बांधलेली स्तोत्रं छापून निघाली आणि पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली. त्याच्यामागून आंद्रेआ गाब्रिएली आणि त्याचा पुतण्या जोव्हान्नी गाब्रिएली यांनी वृंदांची संख्या वाढवली आणि वाद्यं आत आणली. जोव्हान्नीच्या १५९७ च्या संग्रहात एक वाद्यरचना आहे. तीत दोन वाद्यगटांपैकी एकटा गट वाजतो तेव्हा हळू आणि दोन्ही मिळून वाजतात तेव्हा जोरात, असं स्पष्ट छापलेलं आहे. आवाजाचा चढउतार कागदावर लिहून देणाऱ्या अगदी सुरुवातीच्या छापील रचनांपैकी ही एक. त्याचा जर्मन शिष्य हाइनरिख श्यूट्झ ही विद्या आल्प्सपलीकडे घेऊन गेला.

व्हेनिसबद्दल एक चित्र फार लोकप्रिय आहे: समोरासमोरच्या उंच सज्ज्यांत दोन तुल्यबळ वृंद उभे आहेत आणि खाली बसलेल्या भाविकांच्या डोक्यावरून सूर ये-जा करत आहेत. जुनी कागदपत्रं हे चित्र जसंच्या तसं मान्य करत नाहीत. सान मार्कोच्या १५६४ च्या विधिपुस्तकात म्हटलं आहे, की स्तोत्रं गाताना गायकांचे दोन भाग करावेत, एका भागात चार गायक आणि दुसऱ्यात उरलेले सगळे. म्हणजे तिथला खेळ डाव्या-उजव्या बाजूंइतकाच थोडक्यांचा आणि पुष्कळांचा होता. या तपशिलानं ऐकण्याची दिशाच बदलते. दोन वृंद सारखे आहेत असं गृहीत धरू नये. एक निवडक चौघांचा आणि दुसरा जमावाचा असेल, तर तीच ओळ दुसऱ्यांदा येताना वेगळी होऊन येते.

आता थोडं कारागिरीकडे. दोन वृंद लांब उभे केले की एक अडचण तयार होते. आठही आवाज एकत्र आले म्हणजे सर्वांत खालचा स्वर कुणाकडे? पहिल्या वृंदाचा बास षड्जावर असेल आणि दुसऱ्याचा पंचमावर, तर लिहिलेल्या पानावर सगळं ठीक दिसतं. पण दुसऱ्या वृंदाजवळ बसलेल्याला त्या पंचमावरच इमारत उभी असल्यासारखं ऐकू येतं; लांबचा षड्ज त्याच्यापर्यंत क्षीण होऊन पोचतो आणि सगळा स्वरमेळ लटपटतो. विलार्टचा शिष्य जोझेफ्फो झार्लिनो यानं १५५८ च्या आपल्या संगीतशास्त्राच्या ग्रंथात यावर उपाय नोंदवला आहे: दोन्ही वृंद एकत्र गात असताना त्यांचे बास एकाच स्वरावर, सप्तकाच्या अंतरावर किंवा फार तर तिसऱ्या स्वराच्या अंतरावर ठेवावेत, पाचव्या स्वराचं अंतर टाळावं. परिणामी प्रत्येक वृंद आपापल्या जागी पूर्ण राहतो. चर्चच्या कुठल्याही कोपऱ्यात बसलेल्या माणसाला तुटकं गाणं ऐकावं लागू नये, ही काळजी या नियमात आहे. मला हा नियम सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. रचनाकार ऐकणाऱ्याच्या बसण्याच्या जागेचा विचार करून स्वर लिहीत होता.

रोमनं हीच पद्धत वेगळ्या स्वभावानं वापरली. व्हेनिसला समारंभाची झळाळी हवी होती, रोमला शब्द कळायला हवे होते. त्रेंतच्या धर्मपरिषदेनंतर प्रार्थनेतले शब्द सुरांच्या गुंत्यात हरवू नयेत हा आग्रह वाढला होता. जोडवृंदांच्या रचनेत एका वृंदाचे चारही आवाज बरेचदा एकच शब्द एकाच वेळी म्हणतात. त्यामुळे भव्यता आणि स्पष्टता दोन्ही साधतात. पालेस्त्रीनाचं आठ आवाजांचं ‘स्ताबात मातेर’ घ्या. क्रूसापाशी उभ्या मरियेचं दुःख सांगणारी ही प्रार्थना. सुरुवातीला पहिला वृंद तीन सलग स्वरमेळ म्हणतो, एकाहून एक खाली, प्रत्येक पायरी सरळ शेजारच्या स्वरावर उतरणारी. त्या काळच्या कानाला ही उतरण्याची रीत अनपेक्षित होती, आजही ती ऐकताना पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. मग दुसरा वृंद तेच करतो. नवं काही आलेलं नाही, फक्त जागा बदलली आहे. तरीही दुसऱ्यांदा ते ऐकताना आधीचं वाक्य कुणीतरी ऐकलं होतं, समजून घेतलं होतं, असा भास होतो. मोठ्या कल्लोळाची घाई पालेस्त्रीनाला नाही. आठही आवाज तो राखून वापरतो.

स्पेनचा तोमास लुइस दे व्हिक्टोरिया याच काळात रोममध्ये होता. जेझुइटांच्या जर्मन कॉलेजमध्ये तो शिकला आणि पुढे तिथलाच संगीतप्रमुख झाला. मायदेशी परतल्यावर १६०० साली माद्रिदमध्ये त्यानं जोडवृंदांच्या रचनांचा मोठा संग्रह छापला. त्यात ऑर्गनची साथही छापून दिली, म्हणजे ज्या चर्चला पुरेसे गायक जमत नसतील त्यांनी एका वृंदाचं काम ऑर्गनवर भागवावं. कारिस्सिमी १६२९ पासून याच जर्मन कॉलेजचा संगीतप्रमुख होता. जेझुइटांचं रोममधलं कॉलेज आणि जेझुइटांचं गोव्यातलं चर्च, एवढं जुळवलं की कारिस्सिमीचे कागद मांडवीच्या काठी कसे पोचले याचं फारसं नवल उरत नाही. लिस्बनहून दरसाल निघणाऱ्या जहाजांत मिशनरी असत आणि मिशनऱ्यांच्या सामानात पुस्तकं.

याच वाटेनं आलेल्या एका माणसाला मराठी वाचक वेगळ्या कारणासाठी ओळखतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७५ मध्ये रोमला जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. म्हणजे त्याची रोममधली वर्षं ही पालेस्त्रीना आणि व्हिक्टोरिया दोघंही त्या शहरात काम करत होते तीच वर्षं. पुढे साष्टीत राहून त्यानं मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं आणि चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे गायलं जाऊ लागलं. सतराव्या शतकाच्या गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाच्या कानावर त्यामुळे दोन्ही पडत होतं: लॅटिन शब्दांचे आठ-आठ आवाजांचे मेळ आणि एका गळ्याची मराठी ओवी. साहित्याच्या इतिहासात आपण ओवीची दखल घेतली; संगीताच्या इतिहासात तिच्या शेजारच्या वृंदांची घ्यायची राहिली.

गाणारे तयार कसे झाले, हेही पाहण्यासारखं आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्यात चर्चना जोडून शाळा निघाल्या. त्यांत मुलांना धर्मशिक्षण आणि अक्षरओळख यांच्यासोबत स्वरलिपी वाचून गायला शिकवत. जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात संगीताला मानाचं स्थान होतं. गावचा संगीतशिक्षक चर्चचा वृंद सांभाळी आणि हुशार पोरं हेरून त्यांना व्हायोलिन देई. हा सगळा उद्योग धर्मांतराच्या मोहिमेचा भाग होता, हे विसरून चालणार नाही. ज्या सत्तेनं हे संगीत शिकवलं तिनंच देवळं पाडली, आणि तिचं धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, १७३६ च्या फर्मानानं लग्नकार्यातली स्थानिक गाणी-वाजवणी बंद करायला निघालं. गोव्याच्या संगीताचा वारसा या दोन्ही गोष्टींसकटच स्वीकारावा लागतो.

मग ते कागद कुठे गेले? पोर्तुगालनं १७५९ मध्ये जेझुइटांना हद्दपार केलं. १८३४ च्या कायद्यानं उरलेले सगळे धार्मिक संघ बरखास्त झाले, मठ ओस पडले. सेंट ऑगस्टीनच्या भव्य चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं. आज तिथे जांभ्या दगडाचा अर्धा मनोरा उभा आहे. सेंट पॉल कॉलेजची राहिली आहे ती एक कमान. अशा पडझडीत गायनाच्या वह्या कोण जपणार? गंमत म्हणजे रोमची कथाही फार वेगळी नाही. कारिस्सिमी १६७४ मध्ये वारला, तेव्हा त्याची हस्तलिखितं जर्मन कॉलेजबाहेर जाऊ नयेत असा खुद्द पोपचा हुकूम निघाला. आणि १७७३ मध्ये जेझुइट संघच बरखास्त झाल्यावर ती हस्तलिखितं नाहीशी झाली. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराचं नशीब बरं. तिथल्या कॅथीड्रलचा संगीतप्रमुख हुआन गुतिएर्रेस दे पादिया याच्या जोडवृंदांच्या रचना तिथल्या दप्तरात टिकल्या, म्हणून आज जगभर गायल्या जातात.

गोव्यात कागद गेले. शिकवण्याची परंपरा मात्र राहिली. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेली गोवेकर मंडळी विसाव्या शतकात मुंबईच्या स्टुडिओंमध्ये आली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या अरेंजरांनी हिंदी चित्रपटगीतांना स्वरमेळांची जाण दिली. व्हायोलिनचा एक ताफा ओळ टाकतो आणि दुसरा उत्तर देतो, हे आपण शंकर-जयकिशनच्या गाण्यांत कितीदा ऐकलं आहे. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत गोव्यातल्या चर्चमधून ‘मोतेत’ म्हणवणारी लॅटिन धर्मगीतं आजही घुमतात. मुंबईत व्हिक्टर परांजोती यांनी १९५६ मध्ये वृंद उभा केला आणि त्यांच्यामागे कुमी वाडिया यांनी तो वर्षानुवर्षं चालवला, त्यामुळे या जातीचं गायन समोर बसून ऐकण्याची सोय आपल्याकडेही राहिली.

समोर बसून ऐकणं इथे का महत्त्वाचं, हे मी राहतो त्या चंदीगडमध्ये उलट्या बाजूनं कळतं. ल कॉर्बुझिएनं उच्च न्यायालयाची इमारत उघड्या काँक्रीटची बांधली. काँक्रीट आवाज शोषत नाही, परतवतं. वकिलाचं बोलणं न्यायाधीशांना नीट ऐकू यावं म्हणून त्यानं न्यायदालनांच्या भिंतींसाठी प्रचंड लोकरी पडदे आखले आणि ते काश्मीरमध्ये विणून घेतले: मुख्य न्यायमूर्तींच्या दालनासाठी १४४ चौरस मीटरचा, बाकीच्या आठ दालनांसाठी प्रत्येकी ६४ चौरस मीटरचा. त्यांवरच्या रंगीत आकृत्या पाहायला लोक येतात. त्यांचं निम्मं काम कानांसाठी आहे. न्यायालयाला जो घुमारा मारायचा असतो, त्याच घुमाऱ्यावर जोडवृंदांचं संगीत जगतं. फार कमी असेल तर दोन वृंद सुटे पडतात, फार जास्त असेल तर शब्दांचा चिखल होतो. २००७ मध्ये डेबोरा हॉवर्ड आणि लॉरा मोरेत्ती या संशोधकांनी केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या वृंदाला व्हेनिसच्या जुन्या चर्चमध्ये उभं करून गायला लावलं आणि वेगवेगळ्या जागी बसलेल्या श्रोत्यांची मतं घेतली. सान मार्कोत वेदीजवळ, जिथे व्हेनिसचा प्रमुख डोजे बसे, तिथे जोडवृंद स्वच्छ ऐकू येतात. खाली मुख्य दालनात ते एकमेकांत मिसळून जातात. सर्वांत चांगली जागा कुणासाठी राखली होती, हे वेगळं सांगायला नको.

चंदीगडचा आणखी एक धागा आहे. कॉर्बुझिएच्या कार्यालयात यानिस झेनाकिस हा अभियंता काम करत होता. चंदीगडच्या आराखड्यांवरही त्याचा हात फिरला आहे. १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनातला फिलिप्स कंपनीचा मंडप त्यानंच आकाराला आणला, आणि त्या मंडपात शेकडो ध्वनिवर्धकांतून एदगार व्हारेझची रचना छतावरून, भिंतींवरून फिरवली गेली. पुढे झेनाकिस स्वतः मोठा संगीतकार झाला. आवाज कुठून येतो हा प्रश्न चारशे वर्षांनी पुन्हा रचनेच्या केंद्रस्थानी आला, तो असा. मधल्या काळातही तो पुरता विझला नव्हता: बाखनं दोन वृंदांसाठी मोतेत लिहिली, १७२७ मध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ दोन वृंद आणि दोन वाद्यवृंदांवर उभारलं, आणि १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या फ्रांक मार्तंनं जोडवृंदांसाठी अख्खा मास, म्हणजे मुख्य उपासनाविधीचं संगीत, रचला.

पुढच्या पानांत विलार्टपासून पादियापर्यंतच्या रचनांची ओळख कालक्रमानं दिली आहे. प्रत्येक रचनेतली प्रार्थना कोणत्या प्रसंगाची, वृंद किती, वाद्यं आहेत का, आणि कान कुठे ठेवायचा, एवढंच त्यात आहे. स्वरलिपी वाचता येत नसली तरी अडणार नाही. रागसंगीतावर वाढलेल्या श्रोत्याची खरी अडचण वेगळी असते. आपला कान एका गायकाला धरून चालायला शिकलेला असतो, आणि इथे धरायला कुणी सापडत नाही. म्हणून सुरुवातीला सूर ओळखण्याच्या भानगडीत पडू नये; ओळ कुठल्या बाजूनं आली, ती पुरी होऊ दिली की मध्येच उचलली, आणि दोन्ही वृंद एकत्र कधी आले, एवढंच टिपावं. दुसऱ्या ऐकण्यात दोन्ही बास शोधावेत आणि झार्लिनोचा नियम पारखून पाहावा. तिसऱ्या वेळी शब्द हाताशी ठेवावेत.

एक व्यावहारिक सूचना. ध्वनिमुद्रणात बहुधा एक वृंद डाव्या आणि दुसरा उजव्या बाजूला ठेवलेला असतो. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर ऐकलं तर आठ आवाजांचा एक गोळा होतो आणि विषयच संपतो. हेडफोन त्याहून बरे, पण त्यांत दोन्ही वृंद कानांना चिकटतात, मधली हवा नाहीशी होते. दोन स्पीकर खोलीच्या दोन टोकांना ठेवावेत, जाड पडदे बाजूला सारावेत, आणि दोन्हींपासून सारख्या अंतरावर बसावं. डोजेची जागा एवढ्या स्वस्तात मिळते, ती सोडू नये.